गिळोबाची जागा

१

रंगताईच्या वर्गात गोष्ट नुसती ऐकायची नसे, अंगावर घालायची असे. बालवर्गातली पोरं सकाळी सतरंजीवर गोल करून बसत, ताई गोष्ट सांगे, आणि मग कोपऱ्यातली पत्र्याची पेटी उघडली जाई. पेटीत जुन्या ओढण्या, बाह्या कापलेले स्वेटर, पुठ्ठ्याच्या चोची आणि मोज्यात चिंध्या कोंबून केलेल्या शेपट्या. ज्याला जो व्हायचंय त्याने त्याचे कपडे चढवायचे, ताईसमोरच्या बुटक्या बाकावर बसून तोंड रंगवून घ्यायचं, भिंतीवर पोरांच्या उंचीला लावलेल्या लांबट आरशात स्वतःला बघून यायचं, की खेळ सुरू. खेळून झालं की भिंतीला चिकटवलेल्या मोठ्या कागदांवर आपण कोण झालो होतो ते रंगवायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ताईच्या साडीवर इतके रंग सांडलेले असत की मूळचा रंग कोणता यावर पैजा लागाव्यात. तिचं रंगताई हे नाव पोरांनीच ठेवलं होतं.

सगळं हसतखेळत चाले. एका बाबतीत मात्र ताई कोणाच्या बापाचं ऐकत नसे. खेळातलं सोंग घरी न्यायचं नाही. तेलात भिजवलेला कापूस घेऊन ती बसे, पोरं रांग लावत, आणि एकेकाचं तोंड पुसताना ती विचारी, "कोण होतास?"

"अस्वल."

"आणि आता?"

पोर आपलं नाव सांगे, मगच दाराशी उभ्या असलेल्या मावशींच्या हवाली होई. शाळेतलं झाडण्यापासून पोरांची नाकं पुसण्यापर्यंत सगळं मावशींकडे असे. त्या कधी कधी चिडवत, "ताई, एखाद्या दिवशी अस्वलच जाऊ दे की घरी. काय बिघडणार आहे?"

"बिघडतं," ताई म्हणे. काय बिघडतं ते तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, पण पोटातून वाटे खरं.

२

पोरांची सगळ्यात लाडकी गोष्ट होती शिंपीण चिमणीची. ताईनेच रचलेली. थंडी पडायच्या आत चिमणी रानातल्या सगळ्यांना कोट शिवून देते. रोज संध्याकाळी गिळोबा येतो आणि एक कोट गिळून जातो. शेवटी चिमणी त्याच्या काखेत शिरून गुदगुल्या करते, गिळोबा हसून हसून लोळतो आणि गिळलेले सगळे कोट ओकून टाकतो. गिळोबाचं तोंड जांभळं, भुवया हिरव्या, अंगात गोणपाटाचा झगा. गिळोबा व्हायला ही झुंबड. गुरगुरायचं, सगळ्यांना पळवायचं, मग सगळ्यांनी अंगावर पडून गुदगुल्या करायच्या. याहून मोठं सुख त्या वयात दुसरं कुठलं असणार?

सगळ्यात फर्मास गिळोबा व्हायची लवंगी. खरं नाव वेगळं, पण एवढीशी पोर फुटली की अख्खी शाळा ऐकायची, म्हणून मावशींनी ठेवलेलं हे नाव चिकटलं. "नाही" हा तिचा आवडता शब्द. डबा खायचा? नाही. रांगेत उभी राहा. नाही. तोंड पुसून घे. नाही, आधी त्याचं. ताईचा जीव होता तिच्यावर. ताई स्वतः लहानपणी अशीच होती, आणि मार खाऊनही फारशी सुधारली नव्हती.

मग तक्रार आली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, ताईला बोलावून घेतलं. बाई वाईट नव्हत्या. फक्त तक्रार आली की त्यांच्या पोटात गोळा उठे, आणि तो दुसऱ्याच्या पोटात ढकलून दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे.

"एका मुलाचे वडील येऊन गेले. पोरगा अंघोळीला एकटा जात नाही म्हणे. गिळोबा येईल म्हणतो."

"मग गुदगुल्या कर म्हणावं त्याला. गोष्टीत आहेच की ते."

"हे बघ, मला गोष्ट शिकवू नकोस. भीती घालणारी पात्रं नकोत. गोष्ट ठेव, गिळोबा काढून टाक."

"त्याला काढला तर कोट नेणार कोण?"

"कोणी कशाला न्यायला हवेत? हरवू देत. कोट काय हरवत नाहीत?"

ताई भांडली. आवाज चढला, बाहेर मावशींनी झाडू थांबवून कान दिला. शेवटी बाई म्हणाल्या, तुला जमत नसेल तर वर्ग दुसऱ्या बाईंना देते, त्या बाराखडी गिरवून घेतील. ताईने पोरांचा विचार करून तोंड मिटलं. गिळोबाचा झगा सामानाच्या खोलीत कुलूपबंद झाला.

३

नवी गोष्ट सांगताना ताईला स्वतःचीच लाज वाटत होती. चिमणीने कोट शिवले. मग कोट हरवले. मग सापडले.

"कोणी नेले?" लवंगीने विचारलं.

"कोणी नाही. हरवले."

"सगळ्यांचे? रोज?"

"हो."

लवंगीने तिच्याकडे असं बघितलं की ताईने नजर दुसरीकडे वळवली.

खेळायचं कसं, हाही प्रश्नच होता. ताईने तोड काढली. कोट म्हणून कापडाचे तुकडे सतरंजीच्या मधोमध ठेवायचे, सगळ्यांनी डोळे मिटायचे, आणि तेवढ्यात तिने ते उचलून पेटीमागे टाकायचे. डोळे उघडले की कोट गायब. पोरांना हे बऱ्यापैकी आवडलं.

पण एके दिवशी पोरांनी डोळे मिटले आणि ताई उठणार इतक्यात दारातून मावशींनी हाक मारली, डबे कुठे ठेवू म्हणून. ताईने मान वळवून उत्तर दिलं. परत बघते तर सतरंजी मोकळी. पोरं जिथल्या तिथे, डोळे गच्च मिटलेले, काहींनी तर वरून हातही धरलेले. तिने पेटीमागे वाकून पाहिलं. तुकडे तिथेच होते. एकावर एक, घडी घालून.

ताई नेहमी ते फेकत असे. घडी तिने कधीच घातली नव्हती, आणि या वयाच्या पोरांना नीट घडी घालता येत नाही. लवंगीचे उद्योग असतील, असं तिने स्वतःला सांगितलं. कार्टी हुशार आहे, घरी आईने शिकवलं असेल.

त्या दिवशी पोरांनी रंगवलेले कागद वाळत घालताना तिला एक गोष्ट दिसली. एरवी कागदाचा कोपरा न् कोपरा माखून ठेवणाऱ्या पोरांनी मध्येच जागा कोरी सोडली होती. एकाचं अस्वल, दुसरीची खार, तिसऱ्याचा नुसताच गोळा, पण प्रत्येकाच्या चित्रात पत्र्याची पेटी होती, आणि पेटीशेजारी ती कोरी जागा. बाकी चित्रं ज्याच्या त्याच्या हाताची होती. कोऱ्या जागेची कड मात्र सगळीकडे एकसारखी आली होती. उंच, आणि गुडघ्याशी जराशी मोडलेली. मोठं माणूस पोरांच्या उंचीला यायला वाकतं, तशी.

"इथे रंग नाही का लावला?"

"तिथे तो आहे," एक पोरगा म्हणाला. हळू चालतो म्हणून सगळे त्याला गोगलगाय म्हणत.

"तो कोण?"

"कोट नेणारा."

"अरे, कोट कोणी नेले नाहीत. हरवले."

लवंगी ब्रश धूत होती. तिने मागे न बघताच सांगितलं, "असं तू म्हणतेस, ताई."

४

पोरं एकमेकांची नक्कल करतात, हे ताईला माहीत होतं. एकाने सूर्य निळा केला की वर्गभर निळे सूर्य उगवतात. तिने ते कागद गुंडाळून कपाटावर टाकले आणि विषय मनातून काढला. तरी पेटीतून काही काढायचं असलं की ती पेटीच्या उजव्या बाजूने वाकू लागली. डाव्या बाजूला उभं राहायला जागा नाही, असं तिला उगाचच वाटे. जागा भरपूर होती.

आणि मग ती गडबडीची सकाळ आली. रंग संपत आलेले, दोघांची एका शेपटीवरून मारामारी, तिसऱ्याने पाण्याचा डबा लवंडलेला. त्यात लवंगी येऊन म्हणाली, "आज मी तो."

"बरं. कपडे घे."

"त्याला कपडे नाहीत."

"मग ये, तोंड रंगवते."

"त्याला रंग नाही."

ताईने शेपटी सोडवता सोडवता मान हलवली. मूल जे होतो म्हणेल ते होऊ द्यायचं, ही तिचीच रीत. लवंगी जाऊन पेटीच्या डाव्या बाजूला उभी राहिली. खेळभर उभी राहिली. गुरगुरली नाही की धावली नाही. पोरांनी डोळे मिटले, उघडले, कोट गेलेले होते. ताई तेव्हा फरशीवरचं पाणी पुसत होती.

रांग लागली. लवंगीचा नंबर आला तेव्हा पुसायला तोंडावर काहीच नव्हतं. तरी ताईने रीत म्हणून कापूस फिरवला.

"कोण होतीस?"

लवंगीने ओठ हलवले नाहीत.

"बरं, आणि आता?"

लवंगी बाकावर थोडी बाजूला सरकली. शेजारी कोणी बसायला आलं की आपण सरकतो, तेवढीच. मग शहाण्यासारखी उठली आणि मावशींचं बोट धरून गेली. ताईने हातातल्या कापसाकडे पाहिलं. पोरांच्या तोंडावर काय नसतं? धूळ, शेंबूड, पेनची शाई. कापूस मात्र पांढराफेक राहिला होता.

५

दुसऱ्या दिवसापासून लवंगी "नाही" म्हणेनाशी झाली. डबा खा म्हटलं की खाई, बस म्हटलं की बसे. ताईने मुद्दाम तिच्या गालांवर भडक लाल रंग थापला. खेळून झाल्यावर पुसायला घेतला, तर गालावरचा लाल हळूहळू दिसेनासा झाला आणि कापूस कोरा तो कोराच. ताईने बोट घासलं, उजेडात धरलं. नवे रंग फुसके निघाले असतील. पण मग गोगलगायीच्या तोंडावरचा तोच लाल तिच्या बोटांना दोन दिवस चिकटून का होता?

लवंगीची आई दवाखान्यात नर्स होती. सुरुवातीला ती खूश होती. "ताई, काय जादू केलीत हो? घरी एकदम शहाणी झालीय. एका शब्दात ऐकते. मोठ्या बाईंनाही सांगितलं मी, शाळेने सोनं केलं पोरीचं."

ताईला हसू आलं नाही. पुढच्या आठवड्यात तीच आई फाटकाशी थांबली होती. ड्यूटीवरून आलेली, डोळे ओढलेले.

"ताई, ती झोपताना कडेला सरकून झोपते. पार भिंतीला चिकटून. मी म्हटलं, अगं नीट झोप की, तर म्हणते, जागा लागते. जेवायला बसली तरी शेजारी जागा ठेवते. मी तिथे बसायला गेले, तर..."

"तर काय?"

"मलाच बसवेना. हसाल तुम्ही. रोज नाही नाही ते बघते मी दवाखान्यात, पण घरच्या पाटावर बसायला घाबरले."

ताई हसली नाही. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती तिला त्या क्षणी कळली. भीती वाटलीच, पण राग तिच्या कितीतरी पुढे धावत होता. ही पोर आपल्या वर्गात आली तेव्हा "नाही" म्हणत आली होती. तिचा तो शब्द आपल्या खोलीत, आपल्या डोळ्यांदेखत कोणी नेला होता. आणि आपण फरशी पुसत होतो.

वर्गात परतली तर गोगलगाय हात वर करून उभा होता. "ताई, उद्या मी तो होऊ?"

ताई तडक सामानाच्या खोलीकडे गेली. किल्ली मावशींकडे होती. मावशींनी काही न विचारता कमरेची किल्ली काढून दिली.

६

सकाळी मोठ्या बाईंनी तिला झगा नेताना पाहिलं. "तो घालून आज खेळलीस तर उद्यापासून येऊ नकोस."

"उद्याचं उद्या बघू, बाई. आज माझा वर्ग आहे." ताईने आत जाऊन दार लोटून घेतलं.

तिने झगा अंगात चढवला, तोंड जांभळं केलं, भुवया हिरव्या, आणि पोटातून गुरगुरली. खार, अस्वल होऊन बसलेली पोरं बघत राहिली. कोणी पळालं नाही. पेटीशेजारी लवंगी भिंतीला टेकून उभी होती, शेजारी जागा सोडून.

"हा तो नाही," गोगलगाय म्हणाला.

"हा गिळोबा. विसरलात?"

"गिळोबा आता नाहीये. त्याच्या जागेवर तो आलाय."

सरळ दार उघडून सगळ्यांना बाहेर काढावं, असं क्षणभर ताईच्या मनात आलंच. पण बाहेर काढून लवंगी कुठे सुटणार होती? ती तर ते घरी घेऊन जात होती. अंगावर चढवलंच नाही, ते उतरवणार कसं? ताईने झगा काढून टाकला, तोंड खसखसून पुसलं, आणि बुटक्या बाकावर स्वतः बसली.

"चला. तो कसा आहे, ते तुम्ही सांगा. मी रंगवते. आज मी तो."

पोरं भोवती गोळा झाली. ताईने पांढरा कालवला. "असा?"

"नाही. अजून कमी."

तिने पाणी घातलं. "असा?"

"अजून कमी, ताई."

ती पाणी घालत गेली. वाटीतला रंग फिकट झाला, मग नुसता गढूळ, मग वाटीच्या तळाची चीर दिसू लागली. पोरं म्हणाली, आता बरोबर. ब्रशवर नुसतं पाणी होतं. त्या पाण्याने ताईने कपाळ रंगवलं, गाल रंगवले. पोरं शांतपणे सांगत होती. "डोळे पण." तिने पापण्या मिटून त्यांच्यावरून ब्रश फिरवला. "तोंड पण." ओठांवर पाणी लागलं तशी तोंडाची चव गेली. खारट, गोड, काहीच उरलं नाही.

मग ती गुडघे मोडून आरशासमोर वाकली. आरशात पोरं दिसली, सतरंजी दिसली, पेटी दिसली. मध्ये तिच्यापुरती जागा होती, आणि पोरं त्या जागेभोवती नीट अंतर ठेवून उभी होती.

तिला वाटलं, असंच राहावं. फार काही नको होतं. बाजूला उभं राहायचं, कोणी सरकलं की तिथे जायचं. यात काय वाईट आहे, असा विचार तिच्या डोक्यात आला. तो विचार इतका शहाणा आणि गुणी होता की तो आपला नाही, हे ताईने ओळखलं. शहाणपणा तिला जन्मात कधी मानवला नव्हता.

"कोणी नेले कोट?" तिने ओरडून विचारलं. पोरं दचकली. "विचारा मला. कोणी नेले?"

"कोणी नेले?" गोगलगायीने विचारलं.

"मी नेले. हरवले नाहीत. मी नेले. मी चोर आहे, आणि मला गुदगुल्या होतात."

मग एक पोरगी खुदकन हसली. दुसऱ्याने ताईच्या काखेत हात घातला. ताई गुरगुरली, आणि मग सगळी फौज अंगावर आली. ताई सतरंजीवर लोळत होती, हसत होती, हसता हसता डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि पेटीमागून ओढलेले कापडाचे तुकडे एकेक करून हवेत उडवत ओरडत होती, "घ्या तुमचे कोट." त्या गोंधळात कोणीतरी तिच्या दंडाला कडकडून चावलं. ती लवंगी होती. दात रुतले, रक्ताचा ठिपका आला. ताईला इतका आनंद आयुष्यात फार कमी वेळा झाला असेल.

७

पोरांनीच तिचं तोंड पुसलं. "मी पुसणार, तू नाही," म्हणत लवंगीने गोगलगायीच्या हातातला कापूस हिसकावला. ताईच्या तोंडावर नुसतं पाणी लागलं होतं. कापूस काळा झाला. दुसरा घेतला, तोही काळा. मग जरा उजळ, मग ताईच्या तोंडाला चव परत आली, तेलाची.

"कोण होतीस?" लवंगीने दरडावून विचारलं.

"तो."

"आणि आता?"

ताईने आपलं खरं नाव सांगितलं. पोरांना ते ठाऊक नव्हतं. पोरं खूप हसली.

"चला, आता तुमचं. रांग लावा." झटापटीत रंगाच्या वाट्या लवंडून पोरांच्या तोंडांवर जांभळं, हिरवं, काय काय लागलं होतं. ताई आरशासमोर बाकाला बाक लावून बसली, पाठ वर्गाकडे, आणि पहिल्या पोराला समोर घेतलं. पुसता पुसता सहज तिची नजर आरशात गेली. मागे रांग होती. पोरं एकामागे एक, चुळबुळत, एकमेकांना ढकलत. सगळ्यात शेवटी लवंगी. आणि लवंगीच्या मागे कोणीतरी गुडघे मोडून उभं होतं, रांगेच्या उंचीला यायला. धक्काबुक्की करत नव्हतं. नंबर येईल तेव्हा येईल, असं उभं होतं.

ताईने नजर खाली आणली. हातातला कापूस घट्ट धरला.

"कोण होतास?"

"खार."

"आणि आता?"

पोराने नाव सांगितलं. तिने त्याला दाराकडे धाडलं. मावशींनी हात धरला. पुढचं पोर आलं. ताईने घाई केली नाही. घाईत पुसलेलं अर्धवट राहतं. कानामागे, मानेवर, नाकाच्या कडेला, सगळं नीट पुसलं. दर वेळी रांग एक पाऊल पुढे सरके, तशी मागून एक पाऊल जास्तीचं वाजे, जड, आणि पोरांच्या पावलांशी जुळवून घेतलेलं. आरशात तिने पुन्हा बघितलं नाही.

दारात मोठ्या बाई येऊन ठाकल्या होत्या. "हा काय धुडगूस? तोंडं बघ मुलांची."

"पुसतेय, बाई. पुसून झालं की बोलू."

"आत्ताच्या आत्ता मुलांना बाहेर..."

"पुसल्याशिवाय या खोलीतून कोणी जात नाही," ताई म्हणाली. आवाज असा लागला की बाई गप्प झाल्या. मग त्यांनी तिच्या मागे कुठेतरी पाहिलं, आणि त्यांचा हात चौकटीवर गेला. बाजूला सरकून त्यांनी गोगलगायीला वाट करून दिली.

शेवटी लवंगी बाकावर बसली. तिच्या गालांवर ताईच्या वाटीतलं जांभळं होतं आणि हनुवटीवर थोडं रक्त, ताईचंच. कापसावर दोन्ही आलं. ताईने तो कापूस डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा पाहिला. रंग होता.

"आणि आता?"

लवंगीने आपलं नाव ठणकावून सांगितलं.

"शाब्बास. जा आता मावशींकडे."

"नाही."

"लवंगे, जा."

"नाही. तू एकटी राहशील. मी नाही जाणार."

ताईने तिला उचललं. पोर लाथा झाडत होती, बोंबलत होती, अख्खी शाळा ऐकत होती. कितीतरी दिवसांत ताईच्या कानाला इतकं गोड काही लागलं नव्हतं. तिने लवंगीला मावशींच्या कडेवर दिलं. मावशी म्हणाल्या, "ताई, तुम्ही पण या." त्यांनी तिचा हात धरला. ताईने तो हलकेच सोडवला.

"अजून एकाचं राहिलंय, मावशी."

तिने दार लावलं आणि आतून कडी घातली. बाहेर लवंगी दारावर बुक्क्या मारत होती. ताईने पदर खोचला, बाकावर येऊन बसली, नवा कापूस घेतला आणि तेलात बुडवला. राग अजून ओसरला नव्हता, आणि तो ओसरू द्यायचा नाही असं तिने ठरवलं.

"चल, ये," ती म्हणाली. "खूप वेळ उभा राहिलास."

समोरचा बुटका बाक करकरला. त्यावर बसलेल्याने गुडघे नीट जवळ घेतले. ताईने कापूस पिळला आणि मान वर केली.